आज आग नाही

आमच्या गावच्या आगपथकाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, त्याला कारण एवढंच की मी हायस्कुलात मराठी शिकवतो. गावाला एक छोटा बंब मिळणार होता. त्याच्या स्वागताला स्मरणिका काढायची ठरली आणि सरपंचबाई मला म्हणाल्या, "सर, चार पानं तर लिवायची हायत. आणि तुमच्या घरातलंच काम हाय की."

घरातलं होतं हे खरं. पथक काढलं दोघांनी. एक आण्णा, ज्यांच्याबद्दल मी आता लिहितोय, आणि दुसरे माझे वडील, आमचे आबा. आण्णांचा आवाज आणि आबांचा ट्रॅक्टर, एवढ्या भांडवलावर ते पथक कितीतरी वर्षं चाललं. फक्त अडचण अशी होती की हे दोन संस्थापक वीसेक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. रस्त्यात समोरासमोर आले तर एकजण हमखास गटारीकडं बघायचा. दोघांचं काय बिनसलं ते गावाला माहीत होतं, मलाही माहीत होतं, निदान तसं वाटत होतं. मी ते काम घेतलं ते इतिहासासाठी नव्हे. लिहायच्या निमित्तानं दोन म्हातारे एकदा समोरासमोर बसतील, चहा घेतील, एवढाच माझा डाव होता. तो कसा फसला ते पुढं येईलच.

हातकणंगल्याकडच्या बाजूचं आमचं गाव चहूबाजूंनी उसानं वेढलेलं. एकदा पाचट वाळलं की ठिणगी कुठनंही येते. तारेला तार घासते, कुणाची विडी पडते, कुणी बांध पेटवून देतं आणि घरी जेवायला येतं. कोल्हापुरातनं बंब निघून पोचेपर्यंत आमच्या अंगणात राख पडायला लागलेली असायची. म्हणून पथक निघालं, असा माझा साधा समज होता.

तो पहिल्याच दिवशी बिघडला. आण्णा कट्ट्यावर बसून शेंगा सोलत होते. मी वही उघडून विचारलं, पथक कसं सुरू झालं? म्हणाले, "गंजी पेटलती कुणाची तरी." कुणाची ते त्यांना आठवेना. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न जरा नीट मांडला तर म्हणाले, "तुझ्या बानं नवा ट्रॅक्टर घेतलता. त्याला गावातनं हिंडवायला निमित्त पायजे हुतं." तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मला त्या वर्षी दुसरं काय कामच नव्हतं." मी तिन्ही कारणं लिहून घेतली आणि घरी आबांना विचारलं. आबा पेपरातनं मान वर न करता म्हणाले, "त्यालाच इचार."

आण्णा जैन शेतकरी. चार एकर ऊस, दोन म्हशी, उंच काटकुळी अंगकाठी, आणि आवाज असा की त्यांनी बायकोकडं पाणी मागितलं तरी शेजारी तांब्या घेऊन यायचे. दिवस मावळायच्या आत जेवायचे आणि जेवायच्या आधी सायकलवरनं गावाभोवती एक फेरी मारायचे. कुठं धूर दिसतोय का ते बघायचं, घरी येऊन एका जाड वहीत नोंद करायची आणि मग ताटावर बसायचं. हा नेम कधी चुकला नाही, असं सगळं गाव सांगायचं. मला आनंद झाला. इतिहासकाराला आणखी काय हवं असतं? मी त्या वह्या मागितल्या. आण्णांनी ट्रंक उघडून सहा वह्या माझ्यापुढं टाकल्या.

पान उघडलं तर तारीख आणि पुढं "आज आग नाही". पुढच्या दिवशी "आज आग नाही". महिनेच्या महिने, सुवाच्य अक्षरात, "आज आग नाही". मग मधेच एक तारीख आणि पुढं कोरं.

"आण्णा, हे कोरं का?"

"त्या दिशी आग लागलती."

"मग ते लिहायचं नाही का?"

"आग लागल्यावर लिवायला सवड कुणाला असती रं?"

मी म्हटलं, ठीक आहे. कोऱ्या तारखा उतरवून काढू, त्याच आगी. दोन दिवस बसून मी यादी केली. एका वर्षी सलग बारा दिवस कोरे सापडले. मी हादरलो. गावावर एवढं संकट आलं होतं आणि एकही माणूस त्याबद्दल बोलत नाही! धावत आण्णांकडं गेलो. ते म्हणाले, "शिखरजीला गेलतो की यात्रेला." मग कळलं की कोरं पान म्हणजे आग, किंवा यात्रा, किंवा ताप, किंवा पुतणीचं लग्न. मी यादी फाडून टाकली.

त्यांच्या कामाची पद्धत तर याहून गोंधळाची. आग लागली की ते देवळातल्या कर्ण्यावरनं पुकारायचे. पण आग कुठं लागलीय हे कधी सांगायचे नाहीत. सांगायचे विहीर. "वडाच्या विहिरीवर या! वडाच्या विहिरीवर!" नवीन माणसाला वाटायचं विहीरच पेटली. एकदा गावात आलेला कुणाचा तरी जावई चक्क विचारायला आला तर आण्णा त्याच्यावर खेकसले, "पावणं, धूर आभाळात दिसतोय, त्यो काय सांगायचा? विहीर दिसती का आभाळात?" यात काही चूक काढता येत नाही. पण पहिली दहा मिनिटं निम्मं गाव भलतीकडं पळत असायचं, हेही खरं.

विहिरीवर गेल्यावर दुसरा घोळ. आबांच्या ट्रॅक्टरला जोडलेली टाकी भरायची, तर तिच्या तोंडावर आण्णा दुपदरी धोतर बांधायचे. पाणी गाळून आत जायचं. तिकडं फड धडधडतोय, माणसं ओरडतायत, आणि इकडं हा माणूस धोतराच्या गाठी मारतोय. टाकी भरल्यावर ते धोतर त्याच विहिरीत सोडून हळूच खळबळायचं, म्हणजे त्यात अडकलेले जीव आपल्या घरी परत. आबा ट्रॅक्टरवर बसून बोंबलायचे, "आरं, आगीवर वतायचं पानी गाळतोस कशाला?" आण्णा शांतपणे म्हणायचे, "पान्यातल्या जिवांनी काय आग लावलीया?" माझा प्रश्न असा की हा धर्म होता की अक्कल होती? कारण शेजारच्या गावच्या पंपात शेवाळ अडकून तो ऐन वेळी बंद पडायचा, आमचा पाइप कधीच तुंबला नाही. मी आण्णांना तसं विचारलं. ते म्हणाले, "तुला काय लिवायचं ते लीव."

सरावाचंही तसंच. सरावासाठी आग पेटवायला त्यांचा साफ नकार. "मुंग्या जळायच्या आपल्या शिकवणीपायी?" मग त्यांनी बायकोचं लाल लुगडं बाभळीवर टांगलं आणि तालमीतल्या पोरांना सांगितलं की ही आग. पोरं त्या लुगड्यावर पाणी मारायची. काकू ते लुगडं आठवडाभर घरात शोधत होत्या.

आणि सगळ्यात विचित्र सवय ही की प्रत्यक्ष आगीच्या जागी हा माणूस आगीकडं पाठ करून उभा राहायचा. बांधावर, तोंड आमच्याकडं. मधेच बोटानं माणसं मोजायचा. एक, दोन, तीन, चार. पुन्हा पहिल्यापासून. आग किती पुढं आली हेसुद्धा वळून बघायचा नाही, दुसऱ्याला विचारायचा. तालमीत यावरनं फार चेष्टा व्हायची. आण्णा भितंय, असं सगळी म्हणायची. कॉलेजात असताना मीही म्हटलंय. एकदा मी तोंडावरच विचारलं. त्यावर ते म्हणाले, "आग काय करती ते मला म्हाईत हाय. तुम्ही काय करशीला ते म्हाईत न्हाय." मला तेव्हा ते उत्तर टाळाटाळीचं वाटलं होतं.

आता ती आग. ओढ्याकाठच्या एका मळ्यात भर दुपारी तारांची ठिणगी पडली आणि ऊस पेटला. त्या मळ्याला लागून अलीकडं आमचा ऊस. वारं सरळ ओढ्याकडं होतं, आमच्यापासनं लांब. ओढ्यापलीकडं नांगरलेलं रान, म्हणजे आग तिथं जाऊन आपसूक मरणार होती. जळतोय तो ऊस सोडला तर धोका एकाच गोष्टीला होता. मळ्याच्या मधोमध विहीर होती आणि विहिरीवर नुकतीच बसवलेली पाण्याची मोटार. मळ्याचा मालक बांधावर छाती पिटत होता, "मोटार गेली ओ माझी! कुणीतर मोटार काढा!"

आबा टाकी भरून आणायला गेले होते. आम्ही अकरा जण होतो. पोती पाण्यात बुडवून खांद्यावर घेतली. विहिरीकडं जाणारी एक पायवाट अजून मोकळी होती. पळत जायचं, नट खोलायचे, मोटार ओढत आणायची, असं ठरलं. मला मोटारीचं थोडं कळायचं म्हणून मी कमरेला पान्हा खोचला आणि सगळ्यांच्या पुढं झालो. वय वीस. अंगात नुसती रग.

तेवढ्यात मागनं आण्णांची आरोळी आली. "वारं फिरालंय! हिकडं या! ह्यो ऊस तोडा! चार सऱ्या तोडा, न्हायतर ह्यो बी जातोय!"

'ह्यो' म्हणजे आमचा. मी वळून बघितलं तर आण्णा आमच्या उसाकडं हात करून नाचत होते. आपला ऊस जळणार! मी परत फिरलो तसे बाकीचे दहाही फिरले. बांधावर पथकाचे कोयते पडले होते ते घेतले आणि आमच्या फडात घुसलो. मागं न बघता आम्ही तोडत सुटलो. ऊस कोवळा होता, तोडणीला अजून चार महिने होते. हिरवागार ऊस मी माझ्या हातानं आडवा केला.

चौथी सरी संपत आली तेव्हा ट्रॅक्टर आला. आबा खाली उतरले. आडव्या पडलेल्या उसाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग आभाळाकडं बघितलं. धूर पहिल्यासारखाच सरळ ओढ्याकडं चालला होता. वारं तसूभरही फिरलं नव्हतं.

"काय केलंस ह्ये?" आबांनी आण्णांना विचारलं.

"वारं फिरलंतं," आण्णा म्हणाले. खाली बघून.

आबांनी टाकी सोडवली, तिथंच बांधाला ठेवली आणि ट्रॅक्टर घेऊन घरी गेले. त्या दिवसापासनं त्यांनी पथक सोडलं आणि आण्णांशी बोलणंही सोडलं. पथकानं पुढं दुसऱ्याचा ट्रॅक्टर धरला. मोटार अर्थातच जळाली. गावाला मात्र कायमचा विषय मिळाला. वाऱ्याच्या मागचा ऊस तोडणारा माणूस म्हणून आण्णांची जी चेष्टा सुरू झाली, ती पाराच्या कट्ट्यावर अजून ऐकू येते. त्यांच्यादेखत लोक विचारायचे, "आण्णा, आज वारं कुणीकडं?" आण्णा हसायचे. त्या दहा जणांतले बरेच आता पोराबाळांचे बाप झालेत, पण अजून छाती काढून सांगतात, त्या दिवशी म्हाताऱ्यानं अडवलं नसतं तर मोटार काढली असती.

तर इतिहास लिहिताना मी त्या तारखेचं पान मुद्दाम शोधलं. ते कोरं असेल अशी माझी खात्री होती. ते कोरं नव्हतं. "आज आग नाही" असंही नव्हतं. त्यावर अकरा नावं होती, एकाखाली एक. पहिलं माझं.

मी वही घेऊन आण्णांकडं गेलो. ते म्हशीला पेंड घालत होते. पान बघून हात पुसले आणि कट्ट्यावर बसले.

"आण्णा, ही नावं कशाला लिहिली?"

"मोजली. घरी आल्यावर परत एकदा मोजली."

"वारं फिरलं नव्हतं ना?"

"न्हाय."

वीस वर्षं ज्या गोष्टीला मी म्हाताऱ्याची चूक समजत होतो, ती चूक नव्हतीच, हे त्यांनी एका शब्दात सांगून टाकलं. मग म्हणाले, "त्या पायवाटेवर तुम्ही शिरणार हुतासा. तुम्ही दोन सऱ्या तोडल्या न्हाईत तवर तितं दोन्हीकडनं जाळ मिळाला. तुमच्या पाठी हुत्या तिकडं. त्या दिशी मी वळून बघितलं, एकट्यानं."

"मग नुसतं थांबा म्हणायचं होतं."

"थांबला असतास?"

मी खरं उत्तर दिलं. नसतो थांबलो.

"तूच पुढं हुतास. तू वळलास तर बाकीची वळणार हुती. आणि तू कशानं वळशील? तुझ्याच उसाच्या भ्यानं." एवढं बोलून त्यांनी वही मिटली. "आयुष्यात आगीच्या जाग्याला एकदाच खोटं बोललो."

माझे डोळे भरून आले आणि मला रागही आला. दोन्ही एकदम. मी म्हटलं, चला आत्ताच्या आत्ता आमच्या घरी, हे आबांना सांगू. आण्णांनी माझं मनगट धरलं. वय झालं होतं पण पकड जबर होती.

"मी हाय तवर न्हाय सांगायचं. शब्द दे."

"का पण?"

"त्येचं नुकसान मी केलं. आता वर आणि जाऊन सांगू, तुझं पोरगं वाचवलंय म्हणून? म्हंजे त्येनं माझ्या पाया पडायचं व्हय? आणि त्या मळेवाल्याला गाव काय म्हणंल? लोखंडापायी पोरं आत घालत हुता म्हणंल. त्यो बी बिचारा भानावर नव्हता. मला हसत्यात, हसू देत. माझं काय जातंय?"

मला हे पटलं नाही. पण ज्या माणसामुळं आपण आज जिवंत आहोत असं आत्ताच कळलंय, त्यानं मनगट धरून शब्द मागितला तर काय करायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी शब्द दिला.

स्मरणिकेत मी चार पानं लिहिली. त्यात गंजी आली, लुगडं आलं, गाळलेलं पाणी आलं. वाऱ्याच्या मागच्या उसाबद्दल मी एक ओळ लिहिली की अशी एक घटना घडली आणि तिचं कारण नक्की सांगता येत नाही. कार्यक्रमात आण्णांना शाल दिली. आबा आले नाहीत. मी त्यांना गाडीवर घालून न्यायला तयार होतो, पण ते म्हणाले, "गुडघा दुखतोय." आण्णांनी शाल घेतली, माइकवर कुणी बोलायला सांगितलं तर म्हणाले, "नवा बंब आलाय, तवा पानी तेवढं गाळून भरा." लोक पोट धरून हसले. मी हसलो नाही. शालीची घडी सावरताना त्यांची नजर समोरच्या खुर्च्यांवरनं दोनदा फिरली, ते मी पाहिलं. मोजत असतील असं वाटलं. कुणाला शोधत होते, ते विचारायचं मला धाडस झालं नाही.

त्यानंतर मी अनेकदा आबांपाशी बसलो आणि तोंडापर्यंत आलेलं गिळलं. माझंच मला कळत नव्हतं की मी इमानदार आहे की भित्रा आहे. बायकोला सांगितलं नाही. वर्गात कविता शिकवताना मधेच थांबायचो.

या हिवाळ्यात आण्णा गेले. सकाळी सायकल काढताना छातीत कळ आली आणि खाली बसले ते उठले नाहीत. निरोप आला तेव्हा आबा उठले, टोपी घातली आणि काठी घेऊन माझ्याआधी बाहेर पडले. गुडघ्याचं नावही काढलं नाही. स्मशानात ते गर्दीपासनं जरा लांब, एका दगडावर बसून राहिले. अग्नी दिल्यावर लोक पांगले तरी उठेनात.

परत येताना उसाच्या कडेच्या रस्त्यानं आम्ही दोघंच चालत होतो. आता मी मोकळा होतो. मी सगळं सांगितलं. पायवाट, दोन्हीकडचा जाळ, खोटं फिरलेलं वारं, अकरा नावं. आबा ऐकत चालले होते. मधे एकदाही थांबले नाहीत.

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले.

मी जागीच थांबलो. "काय माहीत आहे?"

"तुझ्या कमरंला पान्हा हुता त्या दिशी. ऊस तोडायला पान्हा घिऊन कोण जातंय? घरी जाईस्तवर सगळं ध्यानात आलं माझ्या."

"मग वीस वर्षं बोलला का नाही?"

"त्यो यील म्हणलं. एकदा येऊन म्हणंल, तुझा ऊस तोडला बाबा, कारण असं असं हुतं. त्याला वाटलं मी चार सऱ्यांचा हिशेब मागीन. आरं, सगळा फड दिला असता मी. त्येनं मला वळखलंच न्हाय, त्येचा राग हुता." जरा पुढं गेल्यावर म्हणाले, "मागनं मला बी लाज वाटायला लागली. टॅक्टर मीच काढून नेलता. कुठल्या तोंडानं जायाचं? मग म्हणलं, त्यो का येत न्हाय, त्येच्या मनात काय हाय ते कळंल कवा तरी. एकदा कळलं की मीच जातो."

बोलण्यासारखं होतं ते मीच दाबून ठेवलं होतं. आबा काठी टेकत दहा-बारा पावलं गेले आणि मग पहिल्यांदाच थांबून माझ्याकडं वळले.

"तुला कवा सांगितलंतं त्येनं ह्ये?"

"स्मरणिकेच्या वेळी. दोन वर्षं झाली."

आबांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

"म्हंजे दोन वरसं हुती की रं आमच्याकडं," ते म्हणाले.